ऐंशी डी

दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे, झेरॉक्सच्या वर
माझं ऑफिस. पाटीवर मी आधी कन्नडमध्ये आहे, ठळक,
मग मराठीत, जागा उरली तेवढा.
फॉर्म इंग्रजीत असतो,
त्यामुळे भांडण नाही. सगळेच सारखे अडाणी.

जुलैची एकोणतीस. नवी पद्धत यायच्या आधीचं वर्ष,
लोक तेव्हा पावत्या जपायचे.
एकदा तर कुंद्याच्या रिकाम्या खोक्यातून
तुपाने पारदर्शक झालेली पावती आली होती.
रक्कम दिसत होती. चालली.

सुनेत्रा कंग्राळकर उद्यमबागेतून थेट आली.
फाउंड्रीचं स्टोअर्स सांभाळते,
नखांच्या कडेला काळी रेघ.
"दोन प्रीमियम भरतो मी," म्हणाली.
आमच्याकडे बायकाही भरतो म्हणतात, येतो म्हणतात,
आणि मी फॉर्मवर 'स्त्री'च्या चौकोनात खूण करतो.

एक तिचा स्वतःचा. अकरा हजार दोनशे ऐंशी. बसला.
दुसरा अडतीस हजार सहाशे चाळीस.
"नाव?"
"यल्लव्वा. एकाहत्तर वय. शुगर हाय, म्हणून तर एवढा."
"आई?"
"सासू."

तिला सांगितलं तेच इथे सांगतो:
आपण, नवरा, आपल्यावर अवलंबून असलेली मुलं,
आणि आपले आईवडील.
सासूसासरे यात नाहीत.
"मग ती कुणात?"
"तुमच्या नवऱ्याच्या रिटर्नात. त्यानं पैसे भरले तर."
हसली.
नवरा वास्कोला गेला त्याला नऊ वर्षं झाली,
बंदरावर काम बघून येतो म्हणाला होता.
अजून बघतोय.

वीस टक्के, वर सेस:
आठ हजार सदतीस रुपये.
खाली गेट पडलं, हुबळीकडची गाडी गेली,
टेबल थरथरलं, कॅल्क्युलेटर इंचभर सरकला.

आता खरं सांगतो. त्या रकान्यात
नाव लिहायचं नव्हतंच, नुसता आकडा.
आई कुणाची, कुठल्या भाषेत हाक मारता,
कुणी विचारत नव्हतं.
"टाकू का?" मी म्हणालो. "कोण बघतंय."
वीस वर्षांत हे वाक्य किती जणांना म्हणालो
ते या कवितेत लिहीत नाही.

ती स्क्रीनकडे बघत राहिली.
"नको."
मला वाटलं, आता सचोटीवर ऐकावं लागणार.

"आई म्हणून घातलं आणि तिला कळलं
तर भाकरी गिळू द्यायची नाही मला.
हुक्केरीची हाय ती. ती कन्नडात भांडती, मी मराठीत.
त्यो गेला तवा म्हणाली, तू पण जा.
मी गेलो नाही. तवापास्नं भांडतोय.
आता तिला आई केली
तर भांडू कुणाशी?"

मी शून्य टाकलं.

उठताना तिनं पावती टेबलावरच ठेवली.
"ही लागायची नाही," मी म्हणालो.
"लागू दे, न लागू दे.
फायलीत असू दे की."

ती फाइल अजून आहे. दर जुलैला एक कागद,
आकडा चढत गेलेला.
मध्ये नवी पद्धत आली,
तिच्यात तर कुणाचीच आई वजा होत नाही,
सख्खीसुद्धा.
सुनेत्राबाई आता नव्या पद्धतीत आहेत. तरी पावती येते.

यंदाच्या पावतीमागे पेन्सिलीनं काही लिहिलेलं होतं.
मला कन्नड माझ्या पाटीपुरतंच येतं,
अक्षर अक्षर लावत बसलो:
काडेपेटी,
शुगरच्या गोळ्या, आणि खाली, दोनदा गिरवून,
वांगी नको.